जागेचा झोन, आरक्षण आणि अडथळे : बांधकाम परवानगीला प्रकरण लावण्याआधी काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

‘सातबारा एकदम क्लिअर आहे’ एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडे लाखोंचा विसार दिला जातो. सातबारा जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो आणि बोजा असेल तर तोही दाखवतो. त्या जमिनीवर घर बांधता येईल का, आलंच तर कुठल्या कोपऱ्यात आणि किती उंच, याबद्दल त्यात जवळजवळ काही नसतं. ती माहिती पाच-सहा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असते. झोन, म्हणजे आराखड्यात त्या जमिनीला ठरवून दिलेला वापर, नगररचनेकडे, पूररेषा जलसंपदा विभागाकडे, भरतीरेषा किनारा प्राधिकरणाकडे, वनाची नोंद वनविभागाकडे. ही खाती एकमेकांना काही कळवत नाहीत. सगळे कागद एका टेबलावर आणायचं काम घेणाऱ्याचंच.

परवानगीची प्रकरणं तयार करताना मी जागेचे अडथळे तीन जातींत टाकतो. काही अडथळे बांधूच देत नाहीत. काही बांधू देतात, पण वापरता येणारी जागा कमी करतात. उरलेले फक्त ना-हरकत दाखला आणि वेळ मागतात. तपासणी याच क्रमाने व्हायला हवी. प्रत्यक्षात उलटं होतं: आधी प्लॅन काढला जातो, मग वास्तू बघून दार फिरवलं जातं, मग बँकेत कर्जाची बोलणी होतात, आणि छाननीत कोणीतरी विचारतं की हा गट खाजगी वनात आहे का. तेव्हा प्लॅनचे पैसे गेलेले असतात आणि विसारही अडकलेला असतो.

खालचा सगळा मजकूर महाराष्ट्राला धरून आहे. गोव्याचा कायदा वेगळा, त्याबद्दल मध्ये थोडं आहे.

आधी ठरवा : नियमावली कोणती आणि परवानगी कोणाची

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लोक तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. ती डिसेंबर २०२० मध्ये आली. बृहन्मुंबईला ती लागू नाही, तिथे मुंबईची स्वतःची नियमावली, डीसीपीआर २०३४, आहे. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाचं प्रभाव क्षेत्र), जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर), थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा, केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं आणि लोणावळा नगरपरिषद हेही तिच्या बाहेर आहेत. म्हणजे पुण्यात हडपसरला चालणारा नियम लोणावळ्यात किंवा माथेरानला चालेलच असं नाही. मित्राच्या अनुभवावर जागा घेणारे इथेच फसतात.

नियमावलीनंतर प्राधिकरण. महापालिका, नगरपरिषद, पीएमआरडीए-एमएमआरडीएसारखं (पुणे-मुंबईचं) महानगर प्राधिकरण, की प्रादेशिक योजनेतलं गाव आणि म्हणून जिल्हाधिकारी? गावाचं नाव तेच असतं, पण हद्दवाढीत ते महापालिकेत गेलेलं असतं. गावठाणाच्या आतलं आणि बाहेरचं यातही फरक आहे. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ असं सांगून गावठाणाबाहेरचे प्लॉट सर्रास विकले जातात. त्यामुळे परवानगीच्या कागदावर सही कोणाची आहे आणि त्याला तो अधिकार होता का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सातबारा वाचायचा तो ‘इतर हक्क’पासून

गाव नमुना सातमध्ये मालकाच्या नावाखाली इतर हक्कांचा रकाना असतो. घेणारा नाव आणि क्षेत्र बघतो. या रकान्याकडे त्याचं लक्ष जात नाही. बांधकामाचा जीव मात्र तिथेच असतो.

भूधारणा पद्धत ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर जमीन हस्तांतरित करायला किंवा बिगरशेतीकडे न्यायला शासनाची पूर्वपरवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम, लागतो. इनाम, वतन, पुनर्वसन, कूळकायद्याने मिळालेली जमीन, प्रत्येकाची अट वेगळी. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागू होतं. बिगरआदिवासीला ती घ्यायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. ती मंजुरी सहजासहजी मिळत नाही, आणि ती ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

‘राखीव वन’, ‘खाजगी वन’ किंवा ‘महाराष्ट्र शासन, वनविभाग’ असं काही दिसलं तर तिथेच थांबा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि त्यात बसणारी खाजगी वनं त्या दिवशी शासनाकडे निहित झाली. पुढे अनेक ठिकाणी त्या जमिनींवर प्लॉट पडले, खरेदीखतं झाली, इमारतीही उभ्या राहिल्या. नंतर कधीतरी नोंद चढली आणि लोकांना दाखल्यांसाठी हेलपाटे सुरू झाले. मुलुंड-ठाण्याच्या पट्ट्यातला हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गोदरेज विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात २०१४ मध्ये न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला: कित्येक दशकांपूर्वी निघालेली आणि पुढे कधीच तडीस न नेलेली नोटीस जमिनीला वन ठरवायला पुरेशी नाही. पण हा दिलासा त्या खटल्यातल्या वस्तुस्थितीचा होता. तुमच्या गटाला तो लागू होतो की नाही, हे वकिलाने कागद पाहून सांगायचं काम आहे.

आजच्या सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून सुटलात असंही समजू नका. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक गोलात दिलेले असतात. ते एकेक उघडून किमान १९७५ च्या मागेपर्यंत जा. डोंगराळ तालुक्यातली जागा असेल तर उपवनसंरक्षक कार्यालयाकडे गट क्रमांक देऊन लेखी विचारणा करा.

मोजणी : खर्च वाचवायचा असेल तर इथे वाचवू नका

झोन, रस्ता, पूररेषा, उच्चदाब वाहिनी, हे सगळं तुमच्या जागेच्या हद्दीपासून मोजलं जातं. हद्दच नक्की नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत. भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करून ‘क’ प्रत मिळवा. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका आणि सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा, नकाशा.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि नकाशावर तीन गोष्टी दाखवायला सांगा: ओढा-नाला जातो तिथे त्याचे दोन्ही काठ, वहिवाटीचा रस्ता, आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा. या न दाखवलेली क प्रत घेऊन गेलात की नगररचनेचा पहिला शेरा ‘जागेवरील वस्तुस्थिती दर्शविणे’ असाच येतो.

झोन दाखला आणि भाग नकाशा

आता नगररचना कार्यालय. गट क्रमांक देऊन झोन दाखला मागवायचा, आणि त्यासोबत भाग नकाशाही. नुसता दाखला पुरत नाही. एकाच गटाचा अर्धा भाग रहिवास विभागात आणि अर्धा शेती विभागात असू शकतो. दाखल्यावर ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’ एवढंच लिहून येतं. विकणारा तुम्हाला कोणता अर्धा देतोय, हे त्या वाक्यातून कळत नाही.

इथे नकाशाच्या प्रमाणाचाही खेळ आहे. नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असेल तर कागदावरची एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर ५० मीटर व्यापते. दहा गुंठ्यांचा प्लॉट त्या रेघेतच बुडून जाईल. म्हणून सीमेजवळची जागा असेल तर मोजणी नकाशा आराखड्यावर बसवून अधिकृत अभिप्राय घ्या. मोबाइलवर कोणी दाखवलेला रंगीत नकाशा हा पुरावा नव्हे, तो फार तर इशारा समजा.

‘यलो झोन’ म्हणजे रहिवास, ‘ग्रीन झोन’ म्हणजे शेती किंवा ना-विकास, ही बाजारातली भाषा. ग्रीन झोनमध्ये काहीच होत नाही, हे खरं नाही. शेतघर, गोठा, काही कृषिपूरक आणि पर्यटनाचे वापर अटींवर चालतात. शेतघरासाठी साधारण ०.४ हेक्टरचा निकष धरला जातो, म्हणजे जवळजवळ एक एकर. आता ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकले जाणारे पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे आठवा. त्यात झोनची अडचण आहेच, वर तुकडेबंदीचीही. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतजमिनीचा स्वतंत्र तुकडा होत नाही, म्हणून ‘सामाईक क्षेत्रात नाव लावून देतो’ ही पळवाट निघते. दहा अनोळखी सहहिस्सेदारांच्या सह्यांशिवाय त्या जागेवर पुढे एकही प्रकरण दाखल होत नाही.

प्रादेशिक योजनेच्या भागात गावठाणापासून ठरावीक अंतराच्या पट्ट्यात, शेती विभाग असला तरी, अधिमूल्य (प्रीमियम) भरून रहिवास वापर मिळू शकतो. अंतर आणि अधिमूल्य गावाची लोकसंख्या आणि योजनेनुसार बदलतं. इथेही अंतर कुठून मोजलं, हा प्रश्न आहेच. ते गावठाणाच्या मूळ हद्दीपासून धरतात, गावाच्या कमानीपासून नाही.

‘झोन बदलून देतो’ याची किंमत शून्य धरा. विकास आराखड्यातला फेरबदल नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ने, प्रादेशिक योजनेतला कलम २० ने होतो. दोन्हीत जाहीर सूचना, हरकती आणि शासनाची मंजुरी आहे. एजंटाच्या हातात त्यातलं काहीच नसतं. आराखडा प्रारूप अवस्थेत असेल तर आणखी सावध. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, हजारो हरकतींवर सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. प्रारूपातला पिवळा रंग बघून चढ्या भावाने घेतलेल्या जमिनींचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आरक्षण असेल तर

प्लॉटवर बाग, शाळा, पार्किंग, दवाखाना असं आरक्षण असेल, तर खाजगी बांधकामाला सहसा नकार येतो. पण आरक्षित जमीन म्हणजे बुडीत जमीन, असंही नाही. तीन रस्ते असतात. प्राधिकरणाने संपादन करून मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देणं. समावेशक आरक्षणाखाली ठरलेला भाग बांधून किंवा सोडून देऊन उरलेला स्वतः विकसित करणं. आणि तिसरा, नगररचना अधिनियमाचं कलम १२७.

कलम १२७ असं चालतं. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला खरेदी सूचना देऊ शकतो. सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्यासाठीची ठोस पावलं न उचलल्यास आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीला लागू असलेला वापर या जमिनीला मिळतो. पूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती, म्हणून जुने लेख वाचून गणित करू नका. ‘ठोस पावलं’ म्हणजे नुसता प्रस्ताव पाठवणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केलं. सूचनेसोबत मालकीचे पुरावे जोडलेले असावेत आणि आरक्षण गेल्याचं राजपत्रात यावं, याचा पाठपुरावा मालकालाच करावा लागतो. मालक दहा वर्षं थांबलेला असेल आणि तुम्ही आज जमीन घेत असाल, तर ‘सूचना दिली आहे’ या तोंडी शब्दाऐवजी पोहोच घेतलेली प्रत मागा.

आराखड्यातल्या रस्त्याचं रुंदीकरण हे आरक्षणाचं सौम्य भावंड. जागा कमी होते, पण बांधता येतं, आणि गेलेल्या भागाचा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर मिळतो. रस्त्याची रुंदी दुसऱ्या अर्थानेही महत्त्वाची आहे. यूडीसीपीआरमध्ये महापालिका हद्दीतल्या बिगरदाट वस्तीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या रहिवासी प्लॉटला मूळ १.१ एफएसआयवर अधिमूल्याचा किंवा टीडीआरचा एफएसआय चढवता येत नाही. ९ मीटरच्या पुढे गेलात की गणित बदलतं. स्वतःचं बंगलेवजा घर बांधायचं असेल तर याने फरक पडत नाही. पुढेमागे बिल्डरला द्यायचा विचार असेल तर सगळा फरक इथेच.

पाणी : नाला, निळी रेषा, लाल रेषा

सगळ्यात जास्त गोंधळ या भागात होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे नवीन इमारत नाही, खुले वापर तेवढे. निळी आणि लाल यांमधला नियंत्रित पट्टा. तिथे बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी.

रेषा म्हटल्यावर लोक अंतर धरतात, ‘नदीपासून दीडशे मीटर आहे, काही होत नाही’. पूररेषा मुळात पातळी असते. सपाट काठावर ती अर्धा किलोमीटर आत जाते आणि उभ्या कड्याशी दहा मीटरवर थांबते. म्हणून तुमच्या जागेच्या जवळच्या नदीच्या छेदाला लाल रेषेची पातळी किती, हे जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या आणि जागेचं लेव्हल सर्वेक्षण करून घ्या. समजा लाल रेषेची पातळी ५४१.३० मीटर आहे आणि तुमची जमीन ५४०.२० वर आहे. जोतं ५४१.७५ वर यायला हवं. म्हणजे जमिनीपासून १.५५ मीटर उंच जोतं, दाराशी नऊ-दहा पायऱ्या, म्हाताऱ्या माणसांसाठी उतार आणि पायाचा वाढीव खर्च. हे आधी कळलं तर घराची मांडणीच वेगळी होते: तळमजल्यावर पार्किंग आणि राहणं वर.

निळ्या रेषेच्या आतला भाग एका मोठ्या प्लॉटचा हिस्सा असेल आणि प्लॉट विकासयोग्य विभागात असेल, तर त्या भागाचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरता येऊ शकतो. त्यामुळे नदीकाठचा मोठा प्लॉट पूर्ण वाया जात नाही. छोटा मात्र जातो. भराव टाकून जमीन रेषेच्या वर आणायचा उद्योग करू नका. परवानगीत तो चालत नाही, आणि पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये, चिपळूणने जुलै २०२१ मध्ये आणि पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीने जुलै २०२४ मध्ये काय भोगलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

नाल्याचं वेगळं. गाव नकाशात नाला असतो, जागेवर कोणीतरी तो बुजवलेला किंवा पाइपात घातलेला असतो. छाननीत नकाशातला नाला धरतात. त्याच्या काठापासून ठरावीक अंतर मोकळं सोडावंच लागतं. नाला वळवायचा तर प्राधिकरणाची मान्यता लागते, जेसीबीवाल्याची नव्हे.

किनारा आणि खाडी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघरकडे जागा घेणाऱ्यांसाठी सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) २०१९ ही अधिसूचना. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा, आणि खाडी-नदीत भरतीचं पाणी जिथवर पोहोचतं तिथवर काठापासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. समुद्र दिसत नसला तरी खाडीमुळे तुम्ही सीआरझेडमध्ये असू शकता. वाशिष्ठी किंवा शास्त्रीच्या काठावर आत कितीतरी लांबपर्यंत हे घडतं.

कांदळवन, वाळूचे ढिगारे, कासवांची विणीची जागा हे सीआरझेड १-अ. तिथे घराचा विचारच नको. कांदळवनाचं क्षेत्र १,००० चौरस मीटरहून मोठं असेल तर त्याभोवती ५० मीटर आणखी. ग्रामीण भाग सीआरझेड ३ मध्ये येतो. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ३-अ, आणि ना-विकास पट्टा ५० मीटरचा. त्याहून कमी तर ३-ब, आणि पट्टा २०० मीटरचा. कोकणातली बहुतेक गावं विरळ वस्तीची, म्हणून २०० मीटरच धरून चाला. त्या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती-पुनर्बांधणी होते, नवीन नाही. पट्ट्याच्या पलीकडे, ५०० मीटरच्या आत, घर ९ मीटर उंचीपर्यंत आणि तळमजला अधिक एक, असं बसवावं लागतं.

‘सी-टच प्लॉट’ या जाहिरातीतला समुद्राला खेटलेला भाग म्हणजे नेमका तो भाग जिथे बांधता येत नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा गट बसवून देणाऱ्या अधिकृत संस्था आहेत. त्यांचा नकाशा आणि अहवाल घेतल्याशिवाय किनारा प्राधिकरण प्रकरण हातात घेत नाही.

गोव्यात जागा बघत असाल तर सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा, एनएच्या (बिगरशेतीच्या) जागी रूपांतरणाची सनद, आणि आधार प्रादेशिक आराखडा २०२१ चा. ‘सेटलमेंट’ असेल तर घर. बागायत, भातशेती किंवा इको झोन असेल तर नाही. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली प्लॉटवार झोन ‘दुरुस्त’ करून मिळत होते. त्याचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. अशा दुरुस्तीतून सेटलमेंट झालेला प्लॉट कोणी दाखवला तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. भाटात, म्हणजे बागायती जमिनीत, मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीवर परंपरेने घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर त्याचा हक्क वेगळा पाहावा लागतो.

डोंगर आणि घाट

१:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम, खोदाई, सपाटीकरण काही चालत नाही. ४० मीटर खोलीच्या प्लॉटमध्ये वरच्या आणि खालच्या कडेत ८ मीटरचा फरक असेल तर तुम्ही नेमके या मर्यादेवर आहात. समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या रेषा) सर्वेक्षण करून घेतलं की कळतं, प्लॉटचा कोणता भाग तीव्र आणि कोणता बसता. खोदून सपाट केलेला तयार ‘व्ह्यू प्लॉट’ घेताना मूळ उतार काय होता ते जुन्या उपग्रह चित्रांत बघा. छाननी करणारेही बघतात. पुण्यात समाविष्ट गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. तिथे घराऐवजी ८ टक्के टीडीआरची तरतूद आहे, हे माहीत नसताना टेकडीउतारावर गुंठे घेतलेले लोक आजही भेटतात.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची भीती दोन्ही बाजूंनी वापरली जाते. विकत घेणारा म्हणतो, आता इथे काहीच होणार नाही, भाव पाडा. विकणारा म्हणतो, मसुदाच आहे, काही होत नाही. वस्तुस्थिती अशी की २०१४ पासून मसुदे निघताहेत. सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला आणि त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, लाल गटातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं आणि मोठ्या टाउनशिपवर. राहत्या घरावर नाही. महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान आणि डहाणूचं मात्र वेगळं. तिथल्या अधिसूचना अंतिम आहेत, देखरेख समित्या आहेत आणि घराच्या परवानगीलाही त्यांची चाळणी लागते.

फक्त ना-हरकत मागणारे

केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध, पुढचे २०० मीटर नियंत्रित. स्मारकाच्या मधल्या वास्तूपासून मोजू नका. किल्ल्याच्या बाबतीत ही हद्द तटाबाहेरही असू शकते. शनिवारवाड्याभोवतीचे जुने वाडे याच १०० मीटरमध्ये अडकले आहेत. निषिद्ध भागात १६ जून १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, नवीन इमारतीला नाही. त्यामुळे पहिले १०० मीटर खरं तर वरच्या ‘बांधूच न देणाऱ्या’ गटात टाका.

विमानतळाजवळ रंगीत उंची नकाशे असतात. त्यातला आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो आणि त्यात पाण्याची टाकी, जिन्याचं डोकं सगळं धरतात. परवानगी ६२० मीटरची आणि जमीन ५७५ वर असेल तर तुमच्या हातात ४५ मीटर. लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळाजवळ ना-हरकत त्यांची लागते. संरक्षण खात्याच्या हद्दी वेगळ्या. देहूरोड दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचा पट्टा आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये त्यालाच ‘रेड झोन’ म्हणतात.

रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेची ना-हरकत. महामार्गाला इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, त्या रस्त्याच्या दर्जानुसार. विजेच्या तारांपैकी ११ केव्हीला इमारतीपासून आडवं अंतर १.२ मीटर, ३३ केव्हीला २ मीटर. २२० केव्हीच्या मोठ्या मनोऱ्यांखाली मात्र एकूण ३५ मीटरचा मार्ग मोकळा लागतो. लहान प्लॉट त्यातच संपतो.

एका प्लॉटचं गणित

समजा जागा दहा गुंठे, २५ मीटर रुंद आणि ४०.५ मीटर खोल, म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. समोरचा रस्ता आज १२ मीटर, आराखड्यात १८. तुमच्या बाजूने ३ मीटर जातात, ७५ चौरस मीटर. मागच्या हद्दीला नाला आहे आणि समजा ९ मीटर सोडावे लागतात, २२५ चौरस मीटर. उरली २८.५ मीटर खोली, म्हणजे ७१२ चौरस मीटर, सात गुंठे. त्यातून पुढची, मागची आणि बाजूची सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) जातील तेव्हा जोत्याचं क्षेत्र मिळेल. नाल्याकडच्या पट्ट्याचा एफएसआय मिळतो, रस्त्याच्या भागाचाही मिळतो. म्हणून हा प्लॉट सोडून देण्यासारखा नाही. पण भाव दहा गुंठ्यांचा मागितला जातोय आणि घर बसतंय सात गुंठ्यांत. बोलणी करताना हा कागद समोर ठेवा. विकणाऱ्यालाही तो बहुधा पहिल्यांदाच दिसतो.

विसार आणि प्रकरण

विसार पावतीत किंवा साठेखतात एक अट घाला: अमुक गटातल्या अमुक क्षेत्राला रहिवास वापराची परवानगी मिळण्यास झोन, आरक्षण, वन, पूररेषा किंवा सीआरझेड यांपैकी कशानेही बाधा आढळल्यास रक्कम बिनव्याजी का होईना, इतक्या दिवसांत परत. ‘बाधा’ म्हणून मोघम न लिहिता ही नावं घालून लिहा. विकणारा या अटीला नाही म्हणत असेल तर त्याला काहीतरी माहीत आहे, असं मी धरतो.

प्रकरण दाखल करताना सगळे अडथळे नकाशावर स्वतःहून दाखवा. वास्तुविशारदाला काही जण ‘नाला दाखवू नको’ म्हणतात. नाला गाव नकाशात आहे, छाननी करणाऱ्यासमोर तो आहेच. लपवून मिळालेली परवानगी पुढे रद्द होऊ शकते. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला यूडीसीपीआरमध्ये जवळजवळ सूचनेवर चालणारी सोपी पद्धत आहे, पण त्याने झोन किंवा पूररेषेतून सुटका होत नाही. जबाबदारी फक्त तुमच्या आणि तुमच्या वास्तुविशारदाच्या अंगावर येते.

प्राधिकरणाने ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ खाली परवानगी मानीव, म्हणजे मिळाल्यासारखी, धरता येते, पण प्रस्ताव आराखडा आणि नियमांशी जुळत असेल तरच. मानीव परवानगीच्या भरवशावर निळ्या रेषेत पाया खणणारे शेवटी पाडकामाच्या नोटिशीला उत्तर देत बसतात. नकार आला तर कारणं लेखी मागा. कलम ४७ चं अपील ४० दिवसांत करायचं असतं. त्याआधी शांतपणे पाहा की नकार झोनमुळे आहे की नकाशातल्या त्रुटीमुळे. त्रुटी असेल तर अपिलापेक्षा दुरुस्त प्रस्ताव लवकर मार्गी लागतो.

परवानगी वर्षभर चालते. पुढे वर्षावर्षाने वाढवून घेता येते, पण वाढीव मुदत तीन वर्षांच्या वर नाही. मधल्या काळात नवा प्रारूप आराखडा आला तर जुनी, चालू असलेली परवानगी ही तुमची ढाल असते. म्हणून ती लॅप्स होऊ देऊ नका, आणि जोत्यापर्यंतचं काम लवकर करून जोता तपासणीचा दाखला घ्या. तपासणीला येणारा अभियंता अंतरं मोजणीच्या दगडांपासूनच मोजतो, तेव्हा तोवर ते दगड जागेवर राहतील असं ठेकेदाराला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.